यादीतले नाव

दिवाळी अंकासाठी काही तरी खुसखुशीत पाठवा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी रोहिणखेडला काकूंच्या ओसरीवर बसलो होतो. पोळा दोन दिवसांवर आला होता. समोर चुलतभाऊ बैलाच्या शिंगांना रंग लावीत होता आणि मी, खुसखुशीत म्हणजे नेमके काय लिहावे, या विवंचनेत पडलो होतो. तेवढ्यात हातात डबा घेऊन एक बाई अंगणात आल्या. त्यांना पाहिले आणि माझा बेत तिथेच फसला. या बाई कोण, ते पुढे येईलच. आधी थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे.

या सदराचे जुने वाचक मला ओळखतात. मी संशयी माणूस आहे. दुकानात साधी चप्पल घ्यावयाची म्हटली तरी पैसे घेण्याआधी तिथला पोरगा मोबाईल नंबर विचारतो, आणि मी त्याला म्हणतो, "चपलेचा नंबर मघाशीच सांगितला. हा दुसरा कशाला?" अशा वेळी आमच्या सौ. दुकानाबाहेरची पाटी मोठ्या आवडीने वाचू लागतात. चिरंजीव हिंजवडीला एका मोठ्या कंपनीत आहेत. त्यांचे म्हणणे असे, "बाबा, तुमच्याबद्दल जाणून घेण्यासारखं आहे तरी काय? एक रक्तदाबाची गोळी आणि चार नाट्यगीतं. चोरणार कोण आणि काय?" यावर माझे उत्तर ठरलेले आहे. "मग न्हाणीघराला आतून कडी कशाला लावतोस? आत काय चोरीचा माल ठेवला आहेस?"

सूनबाई हसतात, चहा येतो, आणि वाद पुढल्या रविवारवर जातो. आमच्या घरी गेली कित्येक वर्षे हे असे चालले आहे. पण २०२० साली हा वाद चहाच्या कपातून बाहेर पडला, आणि त्यात मी जिंकलो की हरलो, हे मला अजून नीटसे उमगलेले नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. साथ खोटी होती, लस म्हणजे कुणाचे तरी कारस्थान होते, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. माझे धाकटे मेहुणे एप्रिल २०२१ मध्ये गेले. शेवटचे त्यांचे तोंडही आम्हांला दिसले नाही; चौघे अनोळखी लोक प्लास्टिकचे झगे घालून आले आणि त्यांना घेऊन गेले. तेव्हा साथ खरी, उपायही हवेत. माझा संशय उपायावर नाही. उपाय करताना माणसाचे नाव ज्या वहीत लिहिले जाते, त्या वहीवर आहे. ती कुणाजवळ राहाते? ती कोण कोण वाचते? आणि काम संपले की तिचे काय होते?

मार्च २०२० चा मध्य आठवून पाहा. परदेशांतून आलेल्या आणि घरीच अलग राहायला सांगितलेल्या लोकांच्या डाव्या हाताच्या पाठीवर शिक्का मारावयाचा, असे महाराष्ट्र सरकारने ठरवले. शाई कोणती, तर मतदानाची. मला त्या वेळी ती कल्पना नामी वाटली. स्वस्त आणि खात्रीची; पुसता येत नाही. पण दोनच दिवसांत बातमी आली की, मुंबईहून निघालेल्या आगगाडीत चौघांच्या हातांवर शिक्के दिसले म्हणून डब्यातले लोक बिथरले आणि त्यांना पालघरला उतरवण्यात आले. त्यांनी प्रवास करावयास नको होता, हे खरेच. तरीही त्या बातमीने माझ्या मनात पाल चुकचुकली. बोटावरची जी शाई आपण मत दिल्यावर कौतुकाने मिरवतो, तीच हाताच्या पाठीवर आली की माणूस डब्यातून खाली. शाई एकच होती.

हा शिक्का मारण्याचा अधिकार सरकारला कोणत्या कायद्याने मिळाला, ते पाहू गेलो, तर मिळाला १८९७ सालचा कायदा! साथीच्या रोगांचा अधिनियम. एकशे तेवीस वर्षांचा हा म्हातारा, कलमे उणीपुरी चार. एका कलमाने सरकारला वाटेल तो नियम करण्याची मुभा, दुसऱ्याने तो मोडणाऱ्याला शिक्षा, आणि शेवटच्याने, सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा चालवावयाचा नाही, असे संरक्षण. रोग्याच्या हक्काचा, त्याच्या घरादाराचा, त्याच्या नावाचा एका शब्दाने उल्लेख नाही. असणार कसा? तो कायदा गोऱ्या सरकारने घाईघाईत केला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी पहिल्यांदा हा प्लेग असल्याचे ओळखले, आणि पुढच्या फेब्रुवारीत कायदा हजर.

त्या कायद्याखाली पुण्यात काय घडले, ते आपण शाळेत शिकलो, पण अर्धेच. चापेकर बंधू, गणेशखिंडीचा रस्ता, २२ जून १८९७ ची रात्र, रँडसाहेब, लोकमान्यांवरचा राजद्रोहाचा खटला आणि दीड वर्षाची सजा, एवढे सर्वांना पाठ असते. गोळीच्या आवाजात बाकीचे ऐकू येत नाही. गोरे सोजीर घरात शिरत, देवघरात, माजघरात, बाळंतिणीच्या खोलीत जात. बायामाणसांना रस्त्यावर उभे करून काखा-जांघा तपासत. संशय आला की माणूस इस्पितळात आणि घरातले सामान होळीत. लोकांचा विरोध औषधाला होता, असे साहेब लिहून ठेवतात. प्रत्यक्षात टिळकांसारखे लोक साफसफाई आणि विलगीकरण हवेच म्हणत होते. त्यांच्याच खटपटीने हिंदूंसाठी वेगळे प्लेग-इस्पितळही निघाले. विरोध होता तो बुटांना.

या प्रकरणातली मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट मात्र गोपाळराव गोखल्यांची आहे. ते त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून मित्रांची पत्रे गेली की सोजिरांनी बायकांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्रांतून बोलून दाखवले. गदारोळ उठला. सरकार म्हणाले, पुरावा द्या. परत येऊन पाहतात तो एकही घर पुढे येऊन नाव सांगायला तयार नाही! कोण सांगणार? नाव सांगावे तर त्या बाईचा जन्म फुकट जाणार. आणि पत्रे ज्यांनी लिहिली त्यांची नावे गोखल्यांनी उघड केली नाहीत. सरकारची जाहीर माफी मागितली. आपल्याच लोकांनी त्यांना भेकड म्हटले. हा डाग त्यांनी वर्षानुवर्षे अंगावर वागवला, पण नावे सांगितली नाहीत. शूरांच्या यादीत आपण चापेकरांना घालतो, ते योग्यच. पण नाव न सांगण्यालाही छाती लागते, हे आम्हांला शाळेत कुणी सांगितले नाही.

आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, एवढ्या झडत्या घेऊन हाती काय लागले? पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग पसरवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे सोजीर पुढच्या दाराने माजघरात शिरत होते, तेव्हा उंदीर मागच्या बोळाने शेजारच्या घरी निघाला होता! आपण २०२० मध्ये काही फार शहाणे होतो असे नाही. रोग हवेतून पसरत होता आणि आम्ही घरी दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो. बरेलीला तर गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाची फवारणी केली, डोळे मिटून घ्या म्हणाले. साथीत सरकारला काही तरी करून दाखवावे लागते, आणि करून दाखवायला गरिबाचे अंग जवळ असते.

आता सोजीर घरात येत नाही. तो खिशात येतो. (हे वाक्य चिरंजीवांना मुळीच आवडलेले नाही. ते म्हणतात, बाबा, ही अतिशयोक्ती आहे. असेल.) २ एप्रिल २०२० रोजी 'आरोग्य सेतू' आला. तेरा दिवसांत पाच कोटी लोकांनी तो मोबाईलमध्ये घेतला. आमच्या सोसायटीत तर तो नसेल त्याला वर सोडू नका, असा फतवा निघाला, आणि आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा साधा बटनांचा फोन हा एकाएकी गुन्हा ठरला. १ मेच्या हुकुमाने तो खाजगी आणि सरकारी सर्व नोकरांना सक्तीचा झाला. सतराच तारखेला ती सक्ती सैल होऊन 'शक्य तितके प्रयत्न करा' यावर आली. मधल्या सोळा दिवसांत शास्त्र बदलले होते काय? नाही. लोक कोर्टात गेले होते आणि बोलू लागले होते.

मग एक मजा झाली. हा सेतू बांधला कुणी, असे एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात विचारले. रामाच्या सेतूला नल-नीलांची नावे तरी आहेत. इथे संबंधित खात्यांनी आपापल्या परीने कानांवर हात ठेवले. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला कारणे दाखवा नोटीस काढावी लागली. तेव्हा खुलासा झाला की राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, उद्योगक्षेत्रातल्या आणि शिक्षणसंस्थांतल्या स्वयंसेवकांच्या मदतीने तो केला. खरे तर मे महिन्यातच त्याची आतली रचना लोकांना पाहण्यासाठी खुली करण्यात आली होती आणि माहिती एकशे ऐंशी दिवसांपलीकडे ठेवू नये असा नियमही झाला होता. ते श्रेय द्यावयास हवे. पण लक्षात घ्या, घेण्याची सुरुवात एप्रिलमध्ये आणि नियम मे महिन्यात. आधी पाट्यावर वाटायचे आणि मग डाळ निवडायची, असा हा स्वयंपाक.

चिरंजीवांनी मला तेव्हा एक निराळी रीत समजावून सांगितली. ॲपल आणि गूगल या दोन कंपन्यांनी एप्रिल २०२० मध्ये ती काढली होती. समजा, एका लग्नात प्रत्येक पाहुण्याने भेटेल त्याला नाव न सांगता एकेक आकड्याची चिठ्ठी दिली. पुढे कुणी आजारी पडला, तर त्याचे तेवढे आकडे फळ्यावर लिहायचे. ज्याने त्याने आपल्या खिशातल्या चिठ्ठ्या काढून ताडून पाहाव्या. फळ्यावर नाव नाही, चिठ्ठीवर नाव नाही, आणि यजमानाकडे पाहुण्यांची यादीही नाही. आपल्या सेतूत मात्र नाव, नंबर, वय, व्यवसाय हे सारे दारातच लिहून घेत.

मला ती रीत फार आवडली. इंग्लंडच्या सरकारला आपल्याजवळ यादी हवी होती. पण या कंपन्यांनी फोनची कळ तशी फिरू दिली नाही, आणि जून २०२० मध्ये त्या सरकारला आपला बेत सोडून या दोघांचीच रीत पत्करावी लागली. मी टाळी वाजवली. वाजवता वाजवता हात थांबला. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला दोन दुकानदार 'नाही' म्हणतात, आणि ते चालते! या खेपेला दुकानदारांचे म्हणणे बरोबर होते. उद्या चुकीचे असले तर त्यांना मत देऊन कोण घालवणार? आणि माझ्या नाट्यगीतांची आवड जिला माझ्याआधी कळते, ती तर यातलीच एक कंपनी आहे. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्हांला सरकारही नको, कंपनीही नको. मग हवं तरी कोण?" मी म्हणालो, मला खोडरबर हवे.

ही थट्टा नव्हे. सिंगापुरात अशीच सोय होती. तिथल्या सरकारने सांगितले की ही माहिती फक्त साथीच्या कामी येईल. लोकांनी विश्वास ठेवला. जानेवारी २०२१ मध्ये सरकारनेच सांगितले की फौजदारी तपासासाठी पोलिसांनाही ती घेता येते, आणि एका खुनाच्या तपासात तसे झालेही होते. मग घाईने कायदा करून गंभीर गुन्हे कोणते ते ठरवावे लागले. खुनी सापडला तर कुणाला वाईट वाटेल? मलाही नाही. पण शब्द दिला होता साथीचा. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमुखाने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. दाद मागणारे पुट्टस्वामी हे नव्वदी ओलांडलेले निवृत्त न्यायाधीश होते, हे वाचून मला फार धीर आला होता. त्यानंतर २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. त्यात दुकानदाराला लगाम आहे. सरकारने आपल्या खात्यांना मात्र सूट देण्याची सोय त्यातच करून ठेवली आहे. त्याच वर्षी जूनमध्ये लस घेतलेल्यांची माहिती टेलिग्रामवर नुसता मोबाईल नंबर टाकला की बाहेर पडते, असे उघडकीला आले. आमचे पोर्टल सुरक्षित आहे, असे आरोग्य खात्याने सांगितले. त्यात ज्याची माहिती गेली, त्याला ते वाचून काय वाटले असेल!

असा मी. सरकारवर संशय, कंपन्यांवर संशय, पुढाऱ्यांवर तर जन्मजात. आता त्या बाईंकडे वळतो, कारण ज्याच्यावर संशय घ्यावयाचा राहिला होता, असा एक इसम या गोष्टीत आहे.

रोहिणखेड हे आमचे मूळ गाव. बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात, घाटाच्या अगदी पायथ्याशी. आज कुणाला नावही ठाऊक नसते. पण १४३७ मध्ये बहामनी फौजेने खानदेशच्या सुलतानाचा पराभव केला तो इथे, आणि पुढे दीडशे वर्षांनी निजामशाहीच्या गादीचा निकाल लागला तोही इथेच. खुदावंतखानाने १५८२ मध्ये बांधलेली मशीद अजून उभी आहे. सांगावयाचा मुद्दा हा की, घाट उतरून कोण आले आणि कोण गेले, हे पाहाण्याची या मुलखाची सवय फार जुनी आहे. इथे पाहुणा फाट्यावर उतरतो तेव्हा त्याची खबर त्याच्याआधी घरी पोचलेली असते. शहरातला खाजगीपणा इथे नाही. त्याची जागा ओळखीने घेतलेली असते. सगळ्यांना सगळे ठाऊक असते, पण बोलावयाचे कुठे आणि थांबायचे कुठे, हेही ठाऊक असते.

मार्च २०२० संपता संपता बुलढाणा शहरात जिल्ह्यातला पहिला बळी गेला आणि सगळा जिल्हा हादरला. मग दिल्लीच्या निजामुद्दीनच्या मेळाव्याला जाऊन आलेल्यांच्या खऱ्याखोट्या याद्या मोबाईलवर फिरू लागल्या, आणि रोगाला धर्म चिकटला. (ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केले गेले, अशा अर्थाचे ताशेरे मारले. तो निकाल मात्र कुणी पुढे ढकलला नाही.) मे महिन्यात मुंबई-पुणे-सुरतेकडची पोरे परत येऊ लागली. मलकापूर-नांदुरा-खामगावचा हमरस्ता पायी चालणाऱ्यांनी भरून गेला. जिल्ह्याचे रोजचे पत्रक निघे त्यात नाव नसे. फक्त गाव, वय, स्त्री की पुरुष. पुण्यामुंबईत यावरून माणूस ओळखू येणार नाही. पण दोन हजार वस्तीच्या खेड्यात 'चोवीस वर्षांचा पुरुष' म्हटले की नाव सांगावयाची गरज काय? कंपन्या सांगतात, आम्ही नावे काढून टाकतो. नाव काढले म्हणून माणूस निघतो थोडाच!

अशात आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप गटावर एक यादी आली. पंचक्रोशीतल्या गावांत बाहेरून आलेल्यांची. एकोणीस नावे, वय, कुठून आला, कधी आला, मोबाईल नंबर. कुणी केली ते मला आजतागायत ठाऊक नाही. वर ना शिक्का ना सही. मी पुण्यात माझ्या खोलीत बसून याच सदरासाठी 'आरोग्य सेतू'विरुद्ध लेख लिहीत होतो. माहितीच्या पावित्र्यावर दोन परिच्छेद झाले होते. लेखणी बाजूला ठेवली, यादी पाहिली, काकू एकट्या आहेत म्हणून जीव घाबरला, आणि ती यादी आणखी तीन गटांवर पाठवली. खाली लिहिले, 'काळजी घ्या.' मग पुन्हा लेखाला बसलो. लेख चांगला झाला. वाचकांची पत्रे आली.

यादीत अकरावे नाव एका मुलाचे होते. गाव रोहिणखेडचे नव्हे, दोन-चार कोसांवरचे. नाव सांगत नाही. सांगितले तर पुन्हा तेच. मुलगा चाकणला कारखान्यात होता. काम बंद पडले म्हणून आला आणि चौदा दिवस निमूटपणे शेतातल्या खोपीत राहिला. आई बांधावर भाकरी ठेवून मागे फिरायची. त्याला काही झाले नाही, साधा खोकलाही नाही. पण यादी घरोघर पोचली होती. चक्कीवाल्याने त्यांचा ज्वारीचा डबा ठेवून घेतला नाही. आईला दळण डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावी जावे लागले, तिथेही आठ दिवसांनी तेच. बहिणीची सोयरीक ठरत आली होती ती लांबली आणि मग बोलणेच थांबले. साथ गेली. चक्की सुरू झाली. बहिणीचे पुढे दुसरीकडे झाले. पण मुलाचे मन गावावरून उडाले ते उडालेच. पैसे पाठवतो, येत मात्र नाही. पोळ्यालाही नाही.

हे सारे मला काकूंनी सांगितले होते, तुकड्यातुकड्यांनी, कुणाचा दोष न काढता. ती यादी आमच्या गटांवर माझ्या फोनवरून गेली होती, हे काकूंना ठाऊक होते की नाही, ते मी कधी विचारले नाही.

आता त्याच बाई अंगणात उभ्या होत्या. काकूंसाठी कळण्याचे पीठ घेऊन आल्या होत्या. काकू म्हणाल्या, "हा आमचा पुन्याचा. पेपरात लिव्हते." बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि डबा खाली ठेवून पायरीवर टेकल्या.

"भाऊ, तुमाले मोबाईलातलं समजते ना?"

मी म्हणालो, "थोडंफार."

"मंग एक काम करता का? ते साथीच्या टायमाले यादी निंगाली व्हती. त्यातून माह्या पोराचं नाव काढून देता का? आतालोक कोनाच्या ना कोनाच्या मोबाईलात निंगते म्हनते ते. त्याले सांगतो मी, का बाबा आता नाव काढलं, आता ये."

चुलतभावाचा हात बैलाच्या शिंगावर थांबला. काकू आत चहा टाकायला गेल्या. मला वाटते, मुद्दामच गेल्या.

रेशनकार्डावरचे नाव अर्ज केला की निघते. मतदारयादीतले निघते, नको असताना सुद्धा निघते! बाईंची समजूत तशीच होती की कुठे तरी एक वही आहे, तिच्याजवळ एक माणूस बसला आहे, आणि त्याला नीट विनंती केली तर तो एक रेघ मारील. ज्याने ते नाव पुढे पाठवले त्या माणसासमोरच त्या बसल्या होत्या, आणि त्या माणसाच्या हातात रेघ मारण्याइतकीही सत्ता नव्हती.

मी मोबाईल काढला. भाऊबंदांच्या गटात मागे मागे जात मे २०२० पर्यंत आलो. यादी होती. माझे 'काळजी घ्या' होते. त्याखाली चौघांनी हात जोडल्याची चित्रे टाकली होती. पुसण्याची कळ दाबली. सगळ्यांकडून पुसायची मुदत केव्हाच टळून गेली होती. आता फक्त माझ्यापुरते पुसता येईल, असे दिसले. मी ते दाबले. माझ्यापुरते पुसले गेले.

"निंगालं?" बाईंनी विचारले.

"माझ्याकडचं निघालं, ताई. बाकीच्यांना सांगावं लागेल."

"मंग सांगा ना भाऊ," त्या साधेपणाने म्हणाल्या. "तुमचं आयकतीन ते. तुमी लिव्हता." चहा पिऊन, रिकामा डबा घेऊन त्या गेल्या. ती यादी मीही पाठवली होती, हे सांगायला मी तोंड उघडले होते, पण त्यांनी उंबऱ्यावरून मागे वळून "पोऱ्याचा नंबर देऊ का, तुमीच सांगता का त्याले?" असे विचारले, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. नंबर मी घेतला नाही. नंबर घ्यायचा मला धीर झाला नाही.

त्या रात्री मी चारही गटांवर सविस्तर लिहिले. २०२० साली अशी अशी यादी आपण, म्हणजे मी, पाठवली होती. तिच्यातल्या माणसांचे त्यामुळे नुकसान झाले. कुणाच्या मोबाईलमध्ये ती उरली असेल तर कृपा करून पुसून टाका. पहिल्या घटकेत सातजणांनी अंगठा दाखवला. आमचे एक दूरचे मामा आहेत, निवृत्त, फार परोपकारी, त्यांनी विचारले, "कोणती यादी?"

मी उत्तर लिहीत होतो, तेवढ्यात दुसऱ्या एकाने मामांच्या सोयीसाठी ती यादी शोधून पुन्हा गटावर टाकली.